बेताचं मीठ

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे शिंपीणबाईंचा नंबर नववा होता. हातातल्या मासिकाचं तेच पान पंधरा मिनिटं उघडं होतं, कारण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे हॉटेलातला एक आचारी आणि त्याची बायको बसली होती.

“नुसती सर्दी आहे गं. चल घरी.”

“परवाची ती परदेशी भाजी कशी झाली होती हो?”

“वांगं, झुकिनी, सिमला मिरची, टोमॅटो. सगळं वेगवेगळं परतून शेवटी एकत्र केलंस.”

“कृती माहितीये मला. चव विचारतेय.”

“झकास! मीठ अगदी बेताचं.”

“मीठ मी घातलंच नव्हतं.”

शिंपीणबाईंनी घाईघाईने पान उलटलं.

“मुद्दाम?”

“मुद्दाम. कधीपासून चव लागत नाहीये?”

“दोन महिने झाले.”

“अगं बाई! मग हॉटेलात चाखतं कोण?”

“वाढप्याला चाखायला देतो. त्याचं तोंड बघतो.”

“आणि घरी?”

“घरी तुझं.”

“मग परवा काय दिसलं माझ्या तोंडावर?”

“पहिला घास घेऊन तू हसलीस.”



“आठ नंबर!” आतून हाक आली.

आचारी आधी उठला.