राखेत घोळवलेलं बी

न्हाई पावणं, चहा ऱ्हाऊ द्या, आधी ऐका — जयाला न्यायला आलेय मी. सून माझी, लेक तुमची, आणि अडीच वर्सं ती हितं ओझरला बसलीय ती माझ्या तोंडापायी. गोकुळचं काय न्हाई त्यात, माझ्या लेकाला कुठं बोलायला येतं. नात घारी निघाली, आमच्या घरात समद्यांचे डोळे काळे, तर मी भर बारशात विचारलं, हे डोळे आणले कुठनं? — गावातली हुशार बाई ना मी, खताच्या गोण्यांवरची अक्षरं लावून लावून वाचायला शिकलेली.

तर औंदा काय झालं — हायब्रीड टमाट्याचं बी धरलं मी. दुकानदार नको म्हणत व्हता, हायब्रीडचं बी फिरून तसंच उगवत न्हाई म्हणून, पण तो कालचा पोरगा, मी चाळीस वर्सं बी धरतेय. सगळ्यात देखणं फळ निवडलं, बी धुतलं, राखेत घोळवलं, आमच्या वारूळवाडीत पाच जणींना वाटलं, वर भाषणबी ठोकलं. आन् लागलं काय? एक चपटं, एक बोराएवढं, एक पिवळंच. त्यातली कुशाबाई पाटी घेऊन दारात आली. म्हणली, बाई, ह्यांचे बाप किती?

हसा, हसा. मीबी हसले, आन् मग बारशातला माझाच सवाल आठवला. शेजारणीच्या पोरीचं दहावीचं पुस्तक आणलं, बोट ठेवून वाचलं. आई-बापाचं रंगरूप ज्यातनं येतं, जनुक म्हणत्यात त्याला. जशी काय चिठ्ठी — एक आईची, एक बापाची. जोरकस चिठ्ठी असली की दुसरी गप बसती, पण जात न्हाई. दोन-दोन पिढ्या झाकून ऱ्हाती, आन् दोन्हीकडनं तशीच गप बसलेली आली की बाहेर पडती. म्हंजी एक गोकुळची, एक जयाची. तुमच्यात कोण व्हतं घारं? — तुमची आजी? बघा. आन् आमच्यात —

आमच्यात माझी आई. मला ठाऊक व्हतं की. बारशातबी ठाऊक व्हतं. सासरी मला 'घारीची' म्हणून हिणवायचे, म्हणून आईचं नावच टाकलं मी. तिचेच डोळे पाळण्यात बघितले, भ्याले, आन् समदं जयावर ढकललं — हे सांगायचं न्हवतं मला.

दारात कोण, माझी नातच का? ये गं. — न्हाई येत. पाठ फिरवून गेली बघा. हा हेका कुठनं आला, त्याला पुस्तक नको.

जावा तुमी आत. जयाला सांगा, म्हातारी ओट्यावर बसलीय. चहा नको म्हणावं.