शिडीजवळचे बारा मिलिमीटर

शामकांत : माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, लोखंड मात्र कधी खोटं बोलत नाही, गोरक्षराव.

गोरक्ष : व्हय साहेब. जरा सरकता का? त्या लोखंडाला केळीचा खांब बांधायचाय. उद्या बॉयलर पेटवायची पूजा हाय.

शामकांत : पूजा पुढे ढकला. या वाफेच्या टाकीचा पत्रा बारा मिलिमीटरचा. मागच्या बाजूला पाच भरतोय.

गोरक्ष : सहा वर्षं तुमच्याच रिपोर्टात बारा हाय की.

शामकांत : तेव्हा मी शिडीजवळ मोजायचो. तिथे खडूचा गोल काढलेला असायचा.

गोरक्ष : मीच काढायचो. तुमचा गुडघा दुखायचा म्हनून.

शामकांत : यंदा गुडघा बदलून घेतला. म्हणून मागे चढता आलं.

गोरक्ष : थोडं थांबला असता.

शामकांत : अहो, वाफ मागूनच आत शिरते. ओली वाफ. थेंब छऱ्यांसारखे आदळतात, झिजणार तिथेच.

गोरक्ष : सुनील वेल्डर म्हनतो, वरून ठिगळ मारतो. जेवायच्या आत.

शामकांत : त्या पत्र्यावर वेल्डिंग म्हणजे पापडाला इस्त्री. झिजलेला तुकडा कापायचा, नवा जोडायचा, सांध्याचा एक्स-रे, मग पाणी भरून दाब द्यायचा. तीन आठवडे.

गोरक्ष : चेअरमनला बोलला?

शामकांत : बोललो. पत्रिका वाटून झाल्यात म्हणाले, शेवगावचा मंडपवाला येऊन बसलाय. रिपोर्ट हंगाम संपल्यावर बैठकीत ठेवतील.

गोरक्ष : तवर टाकी ऱ्हायली तर.

शामकांत : तुम्ही नाही म्हणा. बत्तीस वर्षं बॉयलर तुम्ही पेटवताय.

गोरक्ष : औंदा पूजेला जोडीनं बसायचा मान आमाला दिलाय. छबूबाई पहिल्यांदा कारखान्यात येनार. साडीला फॉल लावून बसलीय. तिला काय सांगू, पाच मिलिमीटर?

शामकांत : उद्या भीती नाही, नुसता जाळ. दाब चार दिवसांनी चढेल.

गोरक्ष : चार दिवसांनी पाळी माझीच हाय.

शामकांत : बसता कुठे?

गोरक्ष : मागं. दाबाच्या काट्याम्होरं.

(दोघं मागे जाऊन खुर्ची बघतात. समारंभासाठी टाकीबरोबर तिलाही चंदेरी रंग दिलेला आहे.)

शामकांत : मी रिपोर्टात लाल शाईने लिहितो. सरकारी निरीक्षकांना पत्रही धाडतो.

गोरक्ष : ते कवा येतील?

शामकांत : रजेवर आहेत. वीस तारखेनंतर. तोवर दाब चढलेला असेल.

गोरक्ष : मंग लाल शाई ऱ्हाऊ द्या. एक साधा अर्ज लिवता का?

शामकांत : कसला?

गोरक्ष : खुर्ची शिडीकडं सरकवायचा. इथं अर्जाबिगर खुर्ची हलत न्हाई.

शामकांत : तिथून काटा दिसेल?

गोरक्ष : तुमी गुडघा बदलला, मी चष्मा बदलीन. सही तेवढी ठळक करा साहेब. तिकडं बारा भरतंय.