अमोकेची ओरीकी

(इबादानमधलं इस्पितळ. मोरेनिके मेजावर जागी आहे, पडद्यामागे डॉक्टर तिच्या मेंदूतली गाठ काढताहेत आणि बोलान्ले चित्रं दाखवून तिचं बोलणं तपासते आहे.)

बोलान्ले : हे चित्र बघ. काय आहे?

मोरेनिके : उखळ. पण मुसळ कुठंय, ताई? नुसत्या उखळात यामचा कंद कुटायचा कशानं, कपाळानं?

बोलान्ले : कवटी उघडली तरी जीभ काही गप्प बसत नाही हां तुझी. हे?

मोरेनिके : होडी.

डॉक्टर : आत्ता मेंदूला वीज लावली होती मी. बोलणं अडलं नाही, म्हणजे ही जागा मोकळी. पुढे चला.

मोरेनिके : डॉक्टर, तुम्ही पडद्यामागून बोलता ना, तेव्हा वेण्या घालणारीकडे बसल्यासारखं वाटतं. ती पण अशीच डोक्याशी खुडबुड करते आणि तोंड दाखवत नाही.

डॉक्टर : ती जास्त पैसे घेते. दुखतंय कुठे?

मोरेनिके : नाही. मेंदूला दुखत नाही म्हणालात, ते खरं निघालं.

डॉक्टर : आता गाठीच्या कडेला आलोय. बोलान्ले, चित्रं बाजूला ठेवा. अमोकेच्या आई, लेकीच्या नावाच्या, घराण्याच्या कौतुकाची ती ओरीकी म्हण.

बोलान्ले : डॉक्टर, ओरीकी आपल्या चाचणीत नसते. तिच्या हट्टापायी घेतली मी.

मोरेनिके : तुमच्या चाचणीत बर्फावरची घसरगाडी होती, ताई! इबादानमध्ये बर्फ फक्त माशांखाली असतो. माझी पोर रोज सकाळी पुढ्यात गुडघे टेकते आणि मी तिची ओरीकी पुरी म्हणेस्तोवर उठत नाही. मला तेवढं तपासून हवंय.

बोलान्ले : बरं बाई. म्हण.

मोरेनिके : अमोके, ओळखून लाड करावेत अशी अमोके. निळीच्या रांजणांच्या घरची नात. जिच्या आजीनं हात धुतले की ओढा निळा... ओढा... ओ...

बोलान्ले : थांबली.

डॉक्टर : वीज काढली. पुन्हा म्हणू द्या.

मोरेनिके : ...ओढा निळा व्हायचा. आत्ता काय झालं हो? शब्द समोर होता आणि तोंड दुसऱ्याचंच.

डॉक्टर : आता चित्र दाखवा, त्याच जागी लावतो.

बोलान्ले : हे?

मोरेनिके : कोंबडी.

बोलान्ले : आणि हे? वाक्यात सांग.

मोरेनिके : बाई डोक्यावर पाण्याची बादली घेऊन चाललीय, आणि तिला उशीर झालाय.

डॉक्टर : पुन्हा ओरीकी.

मोरेनिके : अमोके, ओळखून... ओळ...

बोलान्ले : पुन्हा अडली, डॉक्टर. साधं बोलणं चालू आहे, फक्त ओरीकी अडतेय.

डॉक्टर : पुस्तकातल्या नकाशात या जागी काहीच नाही. ज्यांच्या मेंदूंवरून तो काढला, त्यांच्या आया सकाळी ओरीकी म्हणत नसणार. खूण म्हणून ठेवतो इथे चिठ्ठी.

मोरेनिके : चिठ्ठी ठेवली म्हणजे बचावली ना ओरीकी?

बोलान्ले : डॉक्टर?

मोरेनिके : ताईंचा आवाज बदलला. म्हणजे गाठ नेमकी त्या चिठ्ठीखालीच आहे.

डॉक्टर : हो. थोडीच उरलीय, पण तिथेच.

मोरेनिके : ठेवली तर?

डॉक्टर : असं मेजावर विचारायचं नसतं खरं म्हणजे.

मोरेनिके : म्हणून तर काल दोघांकडून वचन घेतलं, अशी जागा आली तर मला विचाराल म्हणून. मी शुद्धीत आहे. बोला.

डॉक्टर : ठेवली तर लवकर वाढेल. अमोके धड वाचायला शिकेपर्यंत... सांगता येत नाही. काढली, तर तिच्या वेण्या तू बरीच वर्षं घालशील. पण ओरीकी जाईल, आणि जाईल ती बहुतेक कायमची.

बोलान्ले : तुझ्या आवाजात फोनमध्ये भरून ठेवलीय की आपण. पोरीला ऐकवता येईल.

मोरेनिके : फोन डोक्यावरून हात फिरवतो का, ताई? नवरा गेला, सासू गेली. त्यांच्या घरची ही ओरीकी, मला नांदायला आल्यावर मिळालेली. सासूनं दागिना म्हणून काही दिलं नाही, ही दिली. कापड रंगवायचे निळीचे रांजण ढवळता ढवळता पाठ करून घेतली, चुकले की काठी दाखवायची. आता ती म्हणणारी मी एकटी उरलेय.

बोलान्ले : रडू नकोस गं. मान हलवू नको.

मोरेनिके : मान तुम्ही बांधून ठेवलीय. रडू तरी द्या.

डॉक्टर : घाई नाही. आम्ही थांबतो.

मोरेनिके : थांबू नका. काढा.

बोलान्ले : नक्की?

मोरेनिके : आई नसलेल्या पोरीनं ओरीकीचं काय करायचं? काढा. फक्त एकदा पुरी म्हणू द्या. वीज लावू नका.

डॉक्टर : हात बाजूला घेतलेत. म्हण.

मोरेनिके : अमोके, ओळखून लाड करावेत अशी अमोके. निळीच्या रांजणांच्या घरची नात. जिच्या आजीनं हात धुतले की ओढा निळा व्हायचा. बाजार उठला तरी जिच्यासाठी एक दिवा ठेवतात, ती अमोके. रडलीस तर सगळं घर रडेल. ऊठ, माझे बाई. पाय भुईला लाव, भुई तुझी वाट बघतेय... झालं. करा आता.

डॉक्टर : बोलत राहा. बाकीचं बोलणं मला सांभाळायचंय.

बोलान्ले : माझ्याकडे बघ. हे काय?

मोरेनिके : केळं.

बोलान्ले : हे?

मोरेनिके : छत्री. ताई, तुम्ही का रडताय? तुमची तर कवटी शाबूत आहे.

बोलान्ले : गप. हे?

मोरेनिके : उखळ. अजून बिनमुसळाचं.

(काही दिवसांनी, सकाळी. वॉर्डात मोरेनिके खाटेवर बसली आहे; तिची मुलगी अमोके पुढ्यात गुडघे टेकून आहे.)

अमोके : आई, मी टेकले गुडघे.

मोरेनिके : शहाणी गं माझी ती. मावशीकडे त्रास नाही ना दिलास? ऊठ आता, फरशी गार आहे.

अमोके : अशी कशी उठू? आधी तू म्हण.

मोरेनिके : अमोके...

अमोके : हं.

मोरेनिके : अमोके...

अमोके : हे म्हणून झालं. आता पुढचं.

मोरेनिके : पुढचं... येतंय. थांब हं. आत आहे सगळं, बाळा, बाहेर येत नाही.

अमोके : मला थोडं येतं. मी सांगू?

मोरेनिके : आपली ओरीकी आपण म्हणायची नसते गं.

अमोके : मग तू सावकाश म्हण. माझे गुडघे नाही दुखत.