टोपलीतले सगळे लावे

"तुमच्या हापिसानं रोगट पाखरं आमच्या गळ्यात मारली!"

मथुरानं सरकारी खिडकीवर थाप मारली. मागे धाकटी जाऊ सुगंधा टोपली धरून उभी होती. दिवाळीपासून घरात तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

"ओरडू नका, बाई. झालं काय?" आतल्या कारकुनानं विचारलं.

"जपानी लावे परसात पाळा, रोज अंडी खा म्हणालात ना? हे मेले एकमेकांची डोकी फोडतायत. बघा रक्त!"

"आणि अंडी?"

"अंडी घरातलंच मांजर पळवतं. दोन पायांचं."

सुगंधानं टोपली पोटाशी घट्ट धरली.

"यातले आरवतात किती?"

"सगळेच! पहाटेपासून आख्खी वाडी आम्हाला शिव्या घालते."

सुगंधानं टोपली खिडकीशी आणली. कारकुनानं तिच्यावरचं फडकं उचललं. "सगळ्यांच्या छात्या तांबूस. मादीच्या छातीवर ठिपके असतात, बाई. हे सगळे नर आहेत. एकत्र कोंडलेत तर मारामारी करणारच. वेगवेगळे ठेवा, नाहीतर कापून खा."

"नर? मग माद्या कुठं गेल्या?"

कारकुनानं आवाज खाली आणला. "माद्या साहेबांच्या ओळखीत गेल्या. उरलेले नर वाटून टाका, असा वरून हुकूम."

"ऐकलंस, सुगंधा? चोर आहेत सगळे! बोलवा त्या साहेबाला बाहेर, जाब देऊ दे!"

"साहेबाचं मागाहून बघू, जाऊबाई. देवापुढं उभं करून मला शपथ घ्यायला लावलीत, ती कुठली अंडी चोरली म्हणून, ते आधी तुम्ही सांगा."