समोरच्या गाडीला हात

डोळे तपासायच्या रांगेत मावशींच्या शेजारी बसचा एक ड्रायव्हर आणि त्याचा तरुण कंडक्टर येऊन बसले. मावशींनी हातातली माळ थांबवली आणि कीर्तनाला बसावं तशा त्या ऐकू लागल्या.

"उस्ताद, पोरगी रमली का परदेशात?"

"पहिले चार दिवस नुसती रडत होती. कॉलेज सोडून परत येते म्हणाली."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? ये म्हटलं. तिच्या आईने तर तिची गादीसुद्धा उन्हात टाकली."

"आणि?"

"पाचव्या दिवशी बसमध्ये अगदी पुढे बसली. समोरून दुसरी बस आली, तसा तिकडच्या ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचा हात जरासा उचलला."

"आपल्यासारखा?"

"अगदी तसाच! उतरताना ही त्याला म्हणाली, माझे बाबापण बस चालवतात, तेही असाच हात करतात."

"तिकडच्या भाषेत?"

"मग काय! त्याने बाकीच्यांना सांगितलं. आता ती पायी चाललेली दिसली तरी त्या रस्त्यावरचे सगळे बसवाले तिला हात करतात."

"म्हणजे राहतेय?"

"राहतेय! म्हणाली, बाबा, तुमची माणसं आहेत इथं."

"वा! मग तुम्ही?"

"मी काय रे, फोन ठेवून दिला. पण आज सकाळच्या फेरीला समोरून पहिली गाडी आली ना, तिला चांगला खिडकीबाहेर हात काढून सलाम ठोकला."

"बघितलं मी. दुधाचा टेम्पो होता तो."

"असू दे. त्यालाही मुलगी असेल."