मालकांचं नाव आणि माझं मत

...तर ह्याला मत द्यायचं म्हणं! कुणाला? साहेबरावाला! पाच वर्सांमागं हाच साहेबराव माज्या वसरीला बसून, माजाच गूळ खाऊन, "धोंडाक्का, मला पंचायतीत धाडा, पुढच्या चैताला वरच्या आळीत विहीर," म्हणून गेला. तुमाला सांगते, विहीर झाली की, न्हाई कशी? त्याच्या मळ्यात! आमी बाया अजून हंडा घिऊन नदीला उतरतोय, खडकावरनं माजा गुडघा गेला तो गेलाच... अन् म्हणं मत द्या!

म्या ठरवलंच हुतं, औंदा घरी बसायचं. निवडून येऊस्तवर हात जोडायचे, आल्यावर वळख न्हाई, असल्यांसाठी कोण उन्हात उभं ऱ्हाणार? तर त्याचा माणूस आनंदराव, आमचा शेजारी, रोज माज्या घरी चा पितो, तो काय म्हणला ठावं हाय? "आक्का, बसा घरी. तुमच्यासारक्या धा बाया बसल्या की आमचा गुलाल पक्का!"

आँ? माज्या बसण्यानं ह्यांचा गुलाल? अंगाची नुसती लाही झाली! कुंडलिक काय मोठा देव लागून गेला न्हाई, पण साहेबरावाच्या समोर तोच एक उभा, त्याला काय करायचं? तव्यावरची भाकरी तशीच टाकली नि शाळंत गेले.

टेबलापाशी पोचले, तर मतदानाचा सरकारी साहेब म्हणतो, "यादीत धोंडाबाई दोन आहेत. नवऱ्याचं नाव सांगा." आता सांगा! अठ्ठावीस वर्सं झाली लग्नाला, 'अवो' नि 'आमचे मालक' ह्याच्यापल्याड जीभ गेली न्हाई. एरवी कुणीबी सांगतं आपल्यासाठी. तितं साहेबरावाचा माणूस म्हणून कोण बसलेला? आनंदराव! म्हणलं, "भावजी, सांगा की." तर आढ्याकडं बघत म्हणतो, "म्या न्हाई वळखत ह्या बाईला."

न्हाई वळखत! सकाळीच माजा चा पिऊन आलेला मुडदा! म्हणलं, "साहेब, लिहून देते, चौथी झालीय माजी." तर, "बाई, खोळंबा करू नका. तोंडानं सांगा, नाहीतर बाजूला व्हा." आनंदराव मिशीत हसला... अन् म्हणं मत द्या! हसला तितंच मेला. पदर खोचला, डोळे मिटले नि वरडले, "गेनबा रखमाजी धुमाळ!"

नवऱ्याचं तर घेतलंच, जोडीला सासऱ्याचंबी! गड्यांच्या रांगंत मामंजी हुते, त्यांच्या हातातली काठी गळाली. नि आमचे मालक? त्यांना वाटलं मला इंचू चावला, "ओ! ओ! काय झालं गं?" करत धावत आत... पोलिसानं धरलं बिचाऱ्यांना. म्या तवर शिक्का उचलला नि कुंडलिकाच्या चिन्हावर असा दाबला, की टेबल हाललं!

साहेबराव पडला! अकरा मतांनी! आनंदरावाचा चा त्या दिशीच बंद. घरात चार दीस माज्याशी कुणी बोललं न्हाई, मामंजींनी माज्या हातचं जेवण टाकलं, पण तुमाला सांगते, जन्मात अशी झोप लागली न्हवती. पाचव्या दिशी कुंडलिकाकडं गेले. म्हणलं, "बाबा, विहिरीचं?"

"बघू की आक्का. घाई काय हाय?"

घाई काय! अन् म्हणं मत द्या... हंडा घेतला, नदीची वाट धरली. आता ह्यालाबी पाडायचं म्हंजे आणिक पाच वर्सं जगणं आलं.