गरम सीट

हसू नका, तुम्ही त्या गाडीवर बसला नव्हता. माझ्या दादानं ठाण्याहून ती भलीमोठी मोटारसायकल आणली, तेव्हा मीही "सोफाच आहे हा" म्हणत मागं चढले. पाठीला टेकू, कानाशी गाणी, थंडीत सीटसुद्धा गरम होते.

मोखाड्याहून जव्हारला येताना दरीचा फोटो काढायचा म्हणून दादानं गाडी डांबरावरून खाली घेतली. तिथं उतार, त्यावर सुटा मुरूम. पुढचं चाक थांबलं ते कड्यापासून हातभर अंतरावर.

"मी उतरते."

"हलू नकोस सुमे! हललीस तर दोघंही जाऊ."

भाताच्या पाच-सहा पोत्यांएवढी जड गाडी. ब्रेक दाबलेला, तरी मुरमावरून तसूतसूनं सरकत होती. खाली सीट गरम आणि माझे हातपाय गार. गाणी चालूच, कारण ती बंद करायचीही दादाची छाती होईना.

तेवढ्यात पोशेरा गावाकडची जीप आली. आतली माणसं पटापट उतरली आणि आम्हाला गाडीसकट उचलत-ओढत मागं डांबरावर आणलं.

जीपवाला घाम पुसत म्हणाला, "एवढी भारी गाडी, न् रिव्हर्स नाही हिला?"

"आहे ना," दादा म्हणाला.

"मग?"

"त्याचं बटण दाबायला मूठ सैल करावी लागते."

जीपवाल्यानं खाली पाहिलं. दादाची मूठ अजून ब्रेकवरच आवळलेली होती. शेवटी जीपवाल्यानंच दादाचं एकेक बोट सोडवलं.

मी तोवर जीपमध्ये जाऊन बसले होते.